जुन्या पिकअपची टाकी हळू भरत असेल तर: दोष शोधण्याची आणि दूर करण्याची पद्धत

सेकंड हँड बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ विकत घेताना माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, चेसिसला गंज किती चढला आहे ते तपासतो आणि कागदपत्रे दोनदा वाचतो. टाकी भरायला किती वेळ लागतो, हे मात्र गाडी ताब्यात आल्यानंतर पंपावरच कळते. नोझल टाकीच्या तोंडात घातल्यावर दोन-तीन लिटर डिझेल जाते न जाते तोच ते खट्कन बंद पडते, कर्मचारी पुन्हा खटका दाबतो, पुन्हा तेच होते आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. पंपाच्या साध्या नोझलमधून मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर डिझेल येते, म्हणजे ४० लिटरचे काम सव्वा-दीड मिनिटात संपायला हवे. त्याला दहा मिनिटे लागत असतील तर गाडीत दोष आहे, आणि तो बहुतेक वेळा टाकी न उतरवता, थोड्या खर्चात दूर करता येतो. नारायणगावहून टोमॅटो भरून उजाडायच्या आत वाशीच्या बाजारात गाडी लावायची असते, तेव्हा ही दहा मिनिटे जड जातात. डिझेल उसळून अंगावर आणि जमिनीवर सांडते, ते तर त्याहून वाईट.

पुढील पद्धत डिझेलवर चालणाऱ्या जुन्या पिकअपसाठी आहे. पेट्रोल गाड्यांविषयी शेवटी थोडे सांगितले आहे, परंतु पेट्रोलच्या टाकीचे काम नवख्या माणसाने घरी करू नये.

हवेचा रस्ता आधी समजून घ्यावा

रिकामी दिसणारी टाकी हवेने भरलेली असते. जितके डिझेल आत येते तितकीच हवा बाहेर पडावी लागते, आणि हवा ज्या वेगाने बाहेर पडेल त्याच वेगाने डिझेल आत शिरते. घागर विहिरीत उभी दाबली की ती बुडबुड करत अडून अडून भरते, कारण पाणी आणि हवा एकाच तोंडातून ये-जा करत असतात. टाकीत हे होऊ नये म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी दोन वाटा ठेवलेल्या असतात. जाड नळीतून डिझेल खाली उतरते. तिच्या शेजारून करंगळीएवढी एक बारीक नळी टाकीच्या वरच्या भागातून निघून पुन्हा टाकीच्या तोंडापाशी येते, आणि तिच्यातून हवा वर येते. गॅरेजमध्ये तिला ब्रीदर किंवा एअर पाईप म्हणतात. हळू भरणाऱ्या टाकीचा दोष शोधताना सर्वांत आधी संशय घ्यायचा तो याच बारीक नळीवर.

आता नोझल बंद का पडते ते पाहू. नोझलच्या टोकाजवळ एक लहान छिद्र असते आणि डिझेल वाहत असताना आत तयार होणारी ओढ त्या छिद्रातून सतत हवा खेचत असते. हे छिद्र डिझेलने किंवा फेसाने झाकले गेले की हवा येणे थांबते, ओढ वाढते, आतला पडदा हलतो आणि खटका सुटतो. टाकी भरली की नाही हे नोझलला कळत नाही, आपले छिद्र बुडाले एवढेच त्याला कळते. ब्रीदर तुंबलेला असेल तर कोंडलेली हवा जाड नळीतूनच वर येऊ लागते, उतरणाऱ्या डिझेलला वर लोटते, त्यात फेस होतो आणि टाकी पाव भरलेली असतानाही नोझल थांबते. डिझेलला पेट्रोलपेक्षा फेस अधिक येतो आणि तो बसायलाही वेळ लागतो, म्हणून हा त्रास डिझेल गाड्यांमध्ये जास्त जाणवतो.

पहिली पायरी: पंपावर नीट निरीक्षण करावे

पाना हातात घेण्यापूर्वी पुढच्या दोन-तीन वेळा डिझेल भरताना स्वतः गाडीतून उतरून टाकीजवळ उभे राहावे आणि काय होते ते पाहून लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण अर्धा दोष इथेच सापडतो.

त्रास एकाच पंपावर होत असेल आणि दुसरीकडे टाकी सुरळीत भरत असेल, तर गाडीला हात लावण्याची गरज नाही. महामार्गावरील काही पंपांवर मोठ्या ट्रकसाठी जाड आणि वेगवान नोझल असते. त्याचा झोत पिकअपच्या गळ्याला झेपत नाही. त्या पंपावर साधे नोझल मागावे. सगळ्या पंपांवर, अगदी पहिल्या लिटरपासून नोझल अडत असेल, तर ब्रीदर पूर्ण तुंबला आहे, जाड नळी दुमडली आहे किंवा टाकीच्या तोंडातील जाळी भरली आहे, असे धरून चालावे. सुरुवातीला टाकी चांगली भरते आणि अर्ध्यावर किंवा पाऊण टाकीवर अडते, असे असेल तर ब्रीदरला झोळ पडून त्यात डिझेल साचत असण्याची किंवा टाकीतील हवेचे तोंड वेळेआधी बुडत असण्याची शक्यता असते. नोझल काढल्यावर डिझेल गुळगुळ आवाज करत वर येऊन सांडत असेल, तर आत हवा कोंडली आहे हे नक्की.

गाडी कशी उभी आहे तेही पाहावे. जुन्या पिकअपचा एका बाजूचा पाटा बसलेला असला किंवा पंपाच्या आवारात उतार असला की टाकी तिरकी होते आणि हवेचे तोंड उंच राहण्याऐवजी डिझेलखाली जाते. गाडी उलट दिशेने लावून एकदा भरून पाहिले की याचा उलगडा होतो. त्याचप्रमाणे डिझेलच्या काट्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी हिशेब करावा. टाकीतील फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगून काटा हलवणारा भाग, अडकलेला असेल तर काटा पाव टाकी दाखवतो आणि प्रत्यक्षात टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असते. मग नोझल योग्य वेळीच थांबत असते आणि दोष काट्याचा असतो.

नोझल सारखे अडत असताना मापात गडबड होते आहे अशी शंका अनेकांना येते. तशी शंका आल्यास पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापात डिझेल मोजून दाखवण्यास सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो विषय वेगळा आहे आणि त्याने टाकी लवकर भरणार नाही.

दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून नोझल पूर्ण आत न खुपसता दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ठेवावे, थोडे फिरवून झोत गळ्याच्या भिंतीवर पडेल असे धरावे आणि खटका सर्वांत हळू टप्प्यावर ठेवण्यास सांगावे. खटक्यात झाकण किंवा काडी अडकवून नोझल जबरदस्तीने सुरू ठेवू देऊ नये.

दुसरी पायरी: कामाची तयारी

टाकीत पाव किंवा त्याहून कमी डिझेल असताना काम करावे. गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करावी, चाकांना ठोकळे लावावेत, सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. उजेडासाठी एलईडी बॅटरी वापरावी. वायरला लटकणारा बल्ब गाडीखाली नेऊ नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तेवढा वेळ दूर बसवावे, आणि त्यात संकोच करू नये.

डिझेल पेटत नाही असा एक समज गॅरेजांमध्ये सर्रास ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवाच त्याहून तापलेली असते, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीविषयी तर बोलायलाच नको. म्हणून हे काम सकाळी लवकर करावे आणि जवळ वाळूची बादली किंवा पावडरचे अग्निशामक ठेवावे.

तिसरी पायरी: टाकीच्या तोंडातील जाळी

झाकण काढून गळ्यात बॅटरीचा झोत टाकावा. अनेक जुन्या गाड्यांमध्ये, विशेषतः जी गाडी ड्रायव्हरच्या हाती असे किंवा रात्री रस्त्याकडेला उभी राहत असे तिच्यामध्ये, आधीच्या मालकाने डिझेलचोरी टाळण्यासाठी जाळी बसवून घेतलेली असते. जाळीमागील हेतू रास्त आहे, पण ती बारीक छिद्रांची आणि तोंडाच्या अगदी जवळ असेल तर डिझेलचा झोत तिच्यावर आपटतो, फेस होतो आणि नोझलचे छिद्र लगेच झाकले जाते. त्यात वर्षानुवर्षांची धूळ, गंजाची पापडी आणि काळा चिकट थर साचलेला असतो. टाकीत पाणी उतरले की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि हा थर तयार होतो.

जाळी निघत असेल तर काढून डिझेलमध्ये भिजवावी, मऊ ब्रशने घासावी, पुसून वाळवावी. गळ्यातच घासली तर घाण टाकीत पडते आणि पुढे फिल्टरला त्रास देते. एकदा जाळीशिवाय डिझेल भरून पाहावे. त्या वेळी टाकी झरझर भरली तर दोष सापडला. मग हवी असल्यास मोठ्या छिद्रांची आणि नोझलच्या टोकापासून बरीच खाली बसणारी जाळी लावून घ्यावी.

इथेच झाकणाचा विषय संपवलेला बरा. टाकी हळू भरते म्हटल्यावर झाकण बदला असा सल्ला हमखास मिळतो. झाकणातील हवेचे छिद्र तुंबले तर गाडी चालताना टाकीत ओढ तयार होते, इंजिनाला डिझेल कमी पडते आणि झाकण उघडताना सुस्कार ऐकू येतो. तो दोषही दूर केला पाहिजे. परंतु डिझेल भरताना झाकण हातात असते, त्यामुळे टाकी हळू भरण्याशी त्याचा संबंध नसतो.

चौथी पायरी: जाड नळी

टाकीच्या तोंडापासून खाली जाणारी जाड रबरी नळी पूर्ण लांबीवर हाताने चाचपावी. हौदा नव्याने बांधला असेल, उंच केला असेल किंवा टाकी एकदा उतरवून बसवली असेल तर नळी दुमडलेली किंवा चेसिस आणि हौद्याच्या मध्ये चेपलेली सापडण्याची शक्यता खूप असते. त्रास नेमका अशा कामानंतर सुरू झाला असेल तर इतर कुठे शोधण्यापूर्वी इथे पाहावे.

बाहेरून धड दिसणारी नळी आतून खराब असू शकते. जुन्या रबराचा आतला पदर सुटतो आणि पडद्यासारखा आत लोंबतो. डिझेल वेगाने आले की तो पडदा वाट अडवतो आणि वेग कमी झाला की बाजूला होतो. दोन बोटांमध्ये नळी दाबल्यावर कुठे कडक, कुठे पिचपिचीत लागली किंवा आत काही सरकल्यासारखे वाटले तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. दोन्ही टोकांचे क्लॅम्प सैल करून ती काढावी आणि उजेडाकडे धरून आरपार पाहावी.

नवी नळी घेताना विशेष काळजी घ्यावी. जवळच्या दुकानात मापाला बसते म्हणून रेडिएटरची नळी घेऊन ती टाकीला लावण्याची चाल आहे, आणि ती चुकीची आहे. रेडिएटरच्या नळ्यांचे रबर सहसा ईपीडीएम प्रकारचे असते. ते गरम पाण्यात टिकते, पण डिझेलमध्ये फुगते, मऊ होते आणि काही महिन्यांत आतून वाट बंद करते. टाकीसाठी इंधनाला टिकणारी नायट्राइल रबराची नळीच मागावी आणि दुकानदाराने दुसरे काही पुढे केले तर परत करावे.

पाचवी पायरी: ब्रीदर

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून घाई करू नये. टाकीच्या वरून तीन किंवा अधिक बारीक नळ्या निघतात आणि नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. एका नळीतून डिझेल इंजिनाकडे जाते, दुसरीतून उरलेले डिझेल परत येते. या दोन्ही पुढे इंजिनाच्या दिशेने जातात आणि त्यांना हात लावायचा नाही. जी नळी टाकीच्या तोंडाकडे, जाड नळीच्या सोबतीने वर जाते तीच ब्रीदर. खात्री होईपर्यंत बोटाने तिचा माग काढावा आणि तिच्यावर चिकटपट्टीची खूण करावी.

तिची वाट आधी डोळ्यांनी पाहावी. टाकीपासून तोंडापर्यंत ती सतत चढती असली पाहिजे. नळी लांब झाल्यामुळे किंवा पट्टी तुटल्यामुळे मध्येच झोळ पडला असेल तर खड्ड्यांतून जाताना उसळलेले डिझेल त्या झोळात साचते आणि हवेला बूच बसते. साचलेले डिझेल कधी निघून जाते, कधी राहते. म्हणून अशा गाडीची टाकी एका दिवशी बरी भरते आणि दुसऱ्या दिवशी अडते. मालक पंपाला दोष देत राहतो. झोळ सापडला तर नळी योग्य लांबीला कापून किंवा पट्टीने वर बांधून तो काढावा. नळी सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब राहील हे पाहावे.

त्यानंतर तोंडाकडील टोकाचा क्लॅम्प सैल करून नळी हळूच फिरवत काढावी. ओढून काढली तर रबरी नळी जिच्यावर बसते ती गंजलेली धातूची नळकांडी तुटते. झाकण उघडे ठेवून त्या टोकातून पायपंपाने अगदी हळू हवा सोडावी आणि त्याच वेळी टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिक पिशवीचा एक तुकडा अलगद धरावा. वाट मोकळी असेल तर तुकडा वर उचलला जातो. तो हलला नाही तर नळी टाकीकडूनही सोडवून वेगळी तपासावी. सुटी नळी मोकळी निघाली, तर दोष टाकीवरील किंवा तोंडाजवळील नळकांडीत आहे. कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही सोडू नये. जुनी, गंजलेली टाकी त्या दाबाने फुगते किंवा सांध्यावर फाटते. तोंडाने फुंकून पाहण्याचीही सवय नको, कारण डिझेल घशात गेल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते.

नळकांडीत काय सापडेल ते गाडी कुठे चालली यावर अवलंबून असते. शेतातून लासलगावला कांदा वाहणाऱ्या गाडीत वाळलेल्या मातीचा घट्ट गठ्ठा निघतो, कोकणातील गाडीत गंजाचा चुरा निघतो, आणि बरेच दिवस एका जागी उभी राहिलेल्या गाडीची ब्रीदरची नळी सुटलेली असेल तर त्या उघड्या टोकात कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर सापडते. ही घाण आत ढकलू नये. मऊ तारेचे टोक आकड्यासारखे वाकवून ती बाहेर ओढून काढावी, शेवटी कपड्याने पुसावे आणि पिशवीच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा करावी. जुनी ब्रीदर नळी कडक झालेली किंवा भेगाळलेली असेल तर तीही नायट्राइल रबराचीच घालावी. ही नळी स्वस्त असते, त्यामुळे जुनी परत बसवण्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

टाकी उतरवावी लागली तर

दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत, जाळी साफ आहे, गाडी सपाट उभी आहे आणि तरीही टाकी अर्ध्यावर अडते, अशी स्थिती क्वचित येते. तेव्हा दोष टाकीच्या आत असतो. जॅक चुकीच्या जागी लावल्याने किंवा दगड लागल्याने टाकीचा वरचा वा खालचा पत्रा आत दबलेला असतो, किंवा आधी केलेल्या दुरुस्तीत हवेच्या नळकांडीचे आतले टोक जास्त खोल बसवलेले असते. ते टोक डिझेलखाली गेले की टाकी भरल्यासारखी वागते.

हे काम अनुभवी मिस्त्रीकडे द्यावे आणि त्याला निरीक्षणांचा कागद दाखवावा. किती लिटरनंतर नोझल अडते हे सांगितले की त्याचा बराच वेळ वाचतो. टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर ती आधी पाण्याने आणि वाफेने पूर्ण धुतली जाते की नाही, हे मालकाने स्वतः विचारावे. डिझेल काढून टाकलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण उरते आणि ते भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. टाकी न धुता वेल्डिंग करू पाहणाऱ्याकडून गाडी परत आणावी.

पेट्रोल पिकअपमध्ये याखेरीज वाफ साठवणारा कोळशाचा डबा आणि गाडी उलटल्यास बंद होणारा व्हॉल्व्ह असू शकतो. नोझल थांबल्यावरही काठोकाठ पेट्रोल भरत राहिल्यास ते त्या डब्यात शिरते, कोळसा भिजतो, हवेची वाट अडते आणि टाकी हळू भरू लागते. ते काम पेट्रोलची वाफ ओळखणाऱ्या गॅरेजमध्येच करून घ्यावे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून साचते.

शेवटची तपासणी

सर्व नळ्या बसवून, क्लॅम्प आवळून, बॅटरी जोडून गाडी नेहमीच्या पंपावर न्यावी आणि पाव टाकीपासून सलग भरावी. नोझल पहिल्यांदा थांबेल तिथेच थांबावे. गरम झाल्यावर डिझेल प्रसरण पावते. ५० लिटर डिझेलचे तापमान १५ अंशांनी वाढले तर ते सुमारे ६०० मिलिलिटर अधिक जागा मागते, आणि ती जागा टाकीत शिल्लक असली पाहिजे. पंपावरून गाडी बाजूला घेऊन दोन्ही नळ्यांच्या चारही टोकांवर कोरडा कागद फिरवावा. कुठे ओल लागली तर तो क्लॅम्प उघडून नळी पुन्हा नीट बसवावी. नवे रबर काही दिवसांत दबून बसते, म्हणून आठवड्याभराने चारही क्लॅम्प पुन्हा तपासावेत आणि सैल लागतील ते थोडे आवळावेत.